पाटाईचं मैदान

६ फेब्रुवारी २००१, मंगळवार

सकाळी पेपरात आतल्या पानावर चार ओळी. आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या मैदानाचं आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव येत्या महासभेत येणार. विकास आराखड्यात ‘खेळाचे मैदान’ आहे, त्याचं ‘वाणिज्य संकुल’ करायचं. खाली चपलांच्या सेलची जाहिरात, ती मात्र अर्धं पान.

प्र.ला वाचून दाखवलं. म्हणाला, "अजून मैदान होतं, हेच नशीब." नवऱ्याचं शांत असणं हा गुण की आळस, हे मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी मुद्दाम मैदानावर जाऊन उभी राहिले. अहिरे सर मुलींचा खो-खो घेत होते. सातपूरला कंपनीत आहेत. पहिली पाळी संपली की थेट इथे, जेवणाचा डबा सायकलला तसाच. मुली अनवाणी, हाफपँटवर, गुडघे लाल मातीनं भरलेले. कौसाबाईंची नात मनीषा पळते तेव्हा तिच्यामागे धावणारी मुलगी उगाच आळशी वाटायला लागते. आमच्या वेळी कोणी मला ‘जोरात पळ’ म्हटल्याचं आठवत नाही. ‘पळू नकोस’ पुष्कळ ऐकलं.

८ फेब्रु.

नगरसेवकाकडे जाऊन आलो. मी, शेजारच्या टिळे वहिनी, आणखी दोघी. त्याला सगळा वॉर्ड भाऊ म्हणतो. आम्हीही म्हटलं.

"ताई, मैदानाला निधी कुठाय? सिंहस्थ तोंडावर आलाय. घाट, रस्ते, सगळा पैसा तिकडं."
म्हटलं, निधी मागितलाच नाही. माती आहे, मुली आहेत. आणखी काय लागतं?
"हे संकुल बीओटीवर आहे, बांधणाऱ्याच्याच पैशानं. म.न.पा.चा रुपया जात नाही. उलट येतो."
"आणि मुलींनी कुठे खेळायचं?"
"स्टेडियम कशाला बांधलंय?"

स्टेडियमला जायचं म्हणजे जुन्या पाटाच्या रस्त्यानं. पाट बुजवला, वर डांबर ओतलं, दिवे लावायचे राहिले. टिळे वहिनींचं मंगळसूत्र तिथेच ओढून नेलं गेल्या महिन्यात. ते सांगितलं तर भाऊ हसून म्हणतो, "वहिनी, मुळात सोनं घालून फिरायचंच कशाला?"

चहा उत्तम होता. त्याचाही राग आला.

१० फेब्रु.

कौसाबाईंकडून शेवंती घेतली. मैदानाच्या कोपऱ्यावर त्या टोपली घेऊन बसतात, आम्ही राहायला आलो तेव्हापासून. कॉलनी झाली ती सगळी जमीन ह्यांच्या भाऊबंदांची. मैदानाचा तुकडा खुद्द ह्यांच्या सासऱ्याचा. आता कडेचा मळा तेवढा उरलाय, त्यातली फुलं.

त्यांना बातमी माहीत नव्हती. ऐकून टोपलीवरचं ओलं फडकं उगाच झटकत बसल्या. "मैदानाला पायजे म्हनून घेतली ना बाई त्यांनी? सासरा म्हनला, जाऊ द्या, पोरं खेळतील. दुकानंच बांधायची व्हती तं आमाला काय हात नव्हते?"

दोन गजरे जास्त घेतले. हा माझा निषेध.

१३ फेब्रु.

टिळे वहिनी दुपारी घाईघाईनं आल्या. "मी काय म्हणते, देव बसवू."

मला आधी कळेना. त्यांनी नीट समजावलं. त्यांच्या माहेरी, सिडकोत, मोकळ्या जागेवर डोळा पडल्याबरोबर लोकांनी एक दगड शेंदूर फासून ठेवला. आज आठ वर्षं त्या जागेला कोणी हात लावलेला नाही. "माणसांनी सह्या केल्या तर फाइलीला लागतात. देवाला कोण हात लावतो?"

मी म्हटलं, मला हे पटत नाही.
"पटायचं कशाला? महासभा पुढच्या मंगळवारी आहे."

प्र.ला सांगितलं. पहिल्यांदाच पेपर खाली ठेवून हसला. "करा. तुमच्या अर्जापेक्षा दगड जास्त वाचला जाईल."

१५ फेब्रु.

पहाटे उजाडता उजाडता दगड आणला. पाटाच्या मोडलेल्या पुलाचा, चांगला घडीव. टिळे वहिनींच्या दोन्ही मुलांनी हातगाडीवर घालून. मैदानाच्या कडेला, खो-खोची आखणी सोडून, नीट मोजून ठेवला. शेंदूर तेलात कालवायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. हात अजून केशरी आहेत. कौसाबाईंनी झेंडूचा हार आणला, पैसे घेतले नाहीत. "देवीच हाय ना? पाटाची हाय म्हंजे पाटाई." नाव त्यांनी ठेवलं.

नारळ माझ्या हातात होता. देवळात गेल्यावर माझं सगळं लक्ष बाहेरच्या चपलांकडे असतं, आणि मी नारळ धरून उभी!

मुली संध्याकाळी आल्या. दगडाकडे पाहिलं, नमस्कार केला, खेळायला लागल्या. अहिरे सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हा दगड आउटच्या रेषेत तर येत नाही ना?"

१७ फेब्रु.

टिळे वहिनी: "तुम्ही लेखिका ना? मग गोष्ट लिहा देवीची. गोष्टीशिवाय देव टिकत नाही."

थट्टेत बसले लिहायला आणि रंगले, खोटं कशाला बोलू. जुन्या काळी पाट फुटला. माणसं मळ्यांमध्ये झोपलेली. पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची लहान मुलगी बांधाबांधानं धावत सुटली, दारोदार हाका मारत. सगळे उठले, वाचले. ती धावता धावता पाण्यात गेली. तेव्हापासून तिच्या अंगणात मुली धावल्या की ती सुखावते, आणि तिथे कोणी भिंत घातली की कोपते.

भिंतीचं वाक्य मुद्दाम घातलं. बाकीची गोष्ट आपोआप आली. ती मुलगी मला दिसलीच: केस सुटलेले, पायात काटे. लिहून झाल्यावर डोळे पुसले. स्वतःच्या थापेनं रडणारी बाई मी.

पेंटरनं पत्र्यावर लिहून दिलं. दगडामागे खिळ्यांनी ठोकलं.

२० फेब्रु.

महासभा. आम्ही गॅलरीत. आमचा विषय आला आणि भाऊच उठला. "तिथं पुरातन देवस्थान आहे. जनतेच्या भावना लक्षात घेता विषय तहकूब करावा." बाकं वाजली.

पुरातन! परवाचा शेंदूर अजून ओला असेल. रिक्षात आम्ही चौघी इतक्या हसलो की रिक्षावाला मागे वळून बघायला लागला. टिळे वहिनींनी सगळ्यांना भेळ दिली.

मैदान वाचलं. मुलींचं मैदान वाचलं.

८ एप्रिल, रविवार

पौर्णिमा. सकाळी बँडच्या आवाजानं जाग आली. भाऊ, कार्यकर्ते, गुलाल. पाटाईची महापूजा. दोन हॅलोजन, वायर थेट रस्त्याच्या खांबावरून. पाटाच्या रस्त्याला दिवा लावायला म.न.पा.कडे वायर नाही!

भाऊनं माझी गोष्ट माइकवर सांगितली. बरीचशी पाठ. मग म्हणाला, "आईच्या डोक्यावर छप्पर नाही, ही शरमेची गोष्ट आहे. माझ्या निधीतून सभामंडप देतो."

टाळ्या. टिळे वहिनींनीही वाजवल्या. माझ्याकडे बघून थांबल्या.

कौसाबाईंची टोपली सकाळीच रिकामी. मळ्यातून दुसरी मागवली. "बाई, आज लय हार गेले. आईनं हात दिला." त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. कोणत्या तोंडानं काही बोलायचं?

२ जून

ट्रस्ट झाला. अध्यक्ष भाऊ. सात माणसं, बाई एकही नाही. आमच्यापैकी कोणाला विचारलं नाही. टिळे वहिनींचे मिस्टर सदस्य आहेत, म्हणून त्या म्हणतात, "आपला माणूस आहे आत." आत म्हणजे कुठे? माझ्या दगडाच्या आत?

‘माझा दगड’ म्हणाले मी. बघा.

१९ जुलै

सभामंडपाचे कॉलम उभे राहिले. खो-खोची एक बाजू गेली. अहिरे सरांनी आखणी तिरकी केली. मुली आता कोपऱ्याकोपऱ्यानं खेळतात. सर चिडले की त्यांच्या तोंडून गावाकडचं बाहेर येतं, ते बागलाणातले. वाळूच्या ढिगाकडे बघून म्हणाले, "हाई काय चाली ऱ्हायनं?" मग मला पाहून, "सॉरी मॅडम."

सॉरी त्यांनी का म्हणायचं!

दिवाळी अंकाची कथा अर्धी पडून आहे. संपादकांचा फोन आला, ताप आहे म्हणून सांगितलं. राग हाही एक तापच.

३० ऑगस्ट

चांगली बातमी. मनीषाचं नाव जिल्ह्याच्या संभाव्य संघात आलं. निवड चाचणी डिसेंबरात. सर म्हणतात, निवड झाली तर पुढे शिक्षणाची सोय होते, होस्टेल, सगळं. नाही तर दहावीनंतर घरात स्थळं बघायला बसलेच आहेत, हे ती स्वतःच मला म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तसं.

"पण रोज दोन तास पाहिजेत काकू. आता तासभरच मिळतो. आरतीच्या आधी उठवतात."

१७ ऑक्टोबर, बुधवार

घटस्थापना. मांडवासाठी खो-खोचे दोन्ही खांब उपटले. विचारलं नाही, सांगितलं नाही. खड्ड्यांत कोणीतरी निर्माल्य टाकलंय.

आणि फलक बदललाय. पत्रा काढून काळा दगड, सोनेरी अक्षरं. उभी राहून वाचलं. दोनदा वाचलं. नव्या गोष्टीत पाट फुटतो. पण धावणारी मुलगी नाही. एक सौभाग्यवती आहे, पतीचे प्राण वाचावेत म्हणून ती पाण्यात जलसमाधी घेते. माझ्या मुलीचं त्यांनी लग्न लावून टाकलं. वर तिला एका जागी बसवून बुडवलं.

खाली सूचना. ‘महिलांनी व मुलींनी अडचणीच्या दिवसांत आवारात प्रवेश करू नये. आखूड कपड्यांत, घामेजल्या अंगाने आवारात येऊ नये. आवारात धावू नये.’

आवारात धावू नये.

घरी येऊन स्वयंपाक केला. भात करपला. प्र. तोच भात जेवला, मग म्हणाला, "तू म्हणशील तर मी येतो तुझ्याबरोबर भाऊकडे." हे त्याचं वाक्य इथे लिहून ठेवते. आजच्या दिवसातलं एवढंच बरं.

१९ ऑक्टो.

भाऊ मांडवात खुर्चीवर. प्र. माझ्या मागे उभा.

"फलक कोणी बदलला?"
"ट्रस्टनं. जुना गंजला होता, ताई."
"गोष्ट बदललीत."
"गुरुजींनी नीट करून दिली. तुमचीत शास्त्राधार नव्हता."
"माझी गोष्ट मी रचली होती. सगळी. तुम्हालाही ते ठाऊक आहे."

भाऊ खुर्चीत पुढे वाकला. मग आवाज खाली आणून, अगदी आपुलकीनं, "ताई, मला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून. म्हणून तर तहकूब केलं. संकुलाला विरोध झाला असता. देवीला कोण करतो? तुम्ही माझं वर्षाचं काम सोपं केलंत."

प्रसादाचा द्रोण पुढे केला. मी घेतला नाही. प्र.नं घेतला, आणि बाहेर येऊन कोपऱ्यावरच्या गायीला घातला.

झोप नाही. म्हणजे त्यानं आम्हाला वापरलं नाही, आम्हीच त्याच्या हातात... पुरे.

५ नोव्हेंबर

पेपरात जाहीर सूचना. मैदानाचं आरक्षण बदलून ‘धार्मिक व सांस्कृतिक केंद्र, दर्शनी भागात गाळे’. नागरिकांच्या हरकती मागवल्यात. सुनावणी २७ला.

म्हणजे संकुलच. मध्ये देवी बसवलेलं संकुल.

हरकत लिहायला घेतली. कलमं, विकास आराखडा, मोकळ्या जागा. सगळं बरोबर आणि सगळं मेलेलं. खरी हरकत एकाच वाक्याची आहे: ही देवी मी लिहिली. ते वाक्य लिहून खोडलं. परत लिहिलं.

१६ नोव्हेंबर, भाऊबीज

फुलं आणायला गेले ती कौसाबाईंना सांगायचं ठरवूनच. त्यांनीच आधी सांगितलं. नव्या गाळ्यांतला एक त्यांना द्यायचं भाऊनं कबूल केलंय. शटरचा. पावसात भिजायला नको, फुलं सडायला नको. "म्हातारपनी डोक्यावर पत्रा येईन बाई."

"आणि मनीषा कुठे खेळेल?"
"पोरगी पळून पळून जानार कुठं? सासरीच ना?"

मी भडकले. त्यांच्या सासऱ्यांनी मैदानाला म्हणून जमीन दिली, हे त्यांचंच बोलणं त्यांना ऐकवलं. भर रस्त्यात, सणाच्या दिवशी. मग ते वाक्यही बोलून टाकलं. देवी नाही, दगड आहे, गोष्ट मी रचली.

त्या हार ओवत होत्या, सुई थांबली नाही. "ठावं हाय. शेंदूर फासायला मी नव्हते का? पन तुमी लिवलं म्हनून काय झालं? लिवायचं तिनंच तुमच्या मनात घातलं असंन."

मी लिहिते तेव्हा गोष्ट कुठून येते, हे मला तरी कुठे ठाऊक आहे? पण ह्या क्षणी असं उत्तर मिळाल्याचा इतका संताप आला की फुलं तिथेच विसरले. मागून मनीषा पिशवी घेऊन धावत आली. तिला बघून घट्ट मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. "अभ्यास करतेस ना?" असलं काहीतरी बोलले.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

सुनावणी. लांब बाक, पंख्याची खडखड, अधिकारी तरुण. समोर नुकत्याच झालेल्या जेवणाचा डबा.

आमच्या बाजूनं मी, प्र., अहिरे सर. सरांनी पाळी बदलून घेतली होती. टिळे वहिनी येते म्हणाल्या होत्या. आल्या, पण मिस्टरांबरोबर, आणि पलीकडच्या बाकावर बसल्या. कौसाबाईही तिकडे. संमतीच्या कागदावर अंगठा दिलेला.

सर बोलले. निवड, सराव, मुली. नीट बोलले. अधिकारी म्हणाला, "स्टेडियम आहे की." सर म्हणाले, "साहेब, त्या रस्त्यानं तुमची मुलगी संध्याकाळी पाठवाल?" अधिकाऱ्यानं पेन उचललं, ठेवलं. "पुढचे."

मी उठले. म्हटलं, हे देवस्थान पुरातन नाही. फेब्रुवारीत आम्ही बायकांनी बसवलं. तो पाटाच्या पुलाचा दगड आहे. गोष्ट मी रचली, मैदान वाचावं म्हणून.

मग मागून भाऊचा माणूस, "आईला दगड म्हणते!" दोघे-तिघे उठले. प्र. माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभा राहिला, हातात छत्री. नोव्हेंबरात छत्री का आणली होती देव जाणे.

अधिकारी: "तुमच्याबरोबर तेव्हा कोण होतं? कोणी दुजोरा देईल?"

मी टिळे वहिनींकडे पाहिलं. त्या पदराची कड बोटाला गुंडाळत होत्या. नवीन मंगळसूत्र. मिस्टर पुढे बघत होते. कौसाबाई म्हणाल्या, "मी अडानी, मला नका इचारू." आणि मग, कोणाकडेच न बघता, "जागा मैदानाला घेतली व्हती, येवढं खरं हाय."

"म्हणजे तुमची संमती आहे की नाही?"
"अंगठा दिला ना."

अधिकाऱ्यानं काय लिहिलं, दिसलं नाही. माझं म्हणणं मात्र लिहून मागितलं. सहीसकट दिलं. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की माझंच वाटेना. निर्णय राखून ठेवलाय. महासभेपुढे कधी येईल, सांगता येत नाही.

जिना उतरताना टिळे वहिनी मागून आल्या. "रागावू नका. घरात राहायचंय मला." मी रागावले आहेच. त्यांच्यावर, माझ्यावर, त्या हसऱ्या भाऊवर सगळ्यात जास्त. पण त्यांचा हात हातात होता, तो सोडला नाही.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या फाटकाजवळ कोणीतरी शेण टाकून गेलं. प्र.नं धुतलं.

संध्याकाळी मैदानावरून शिट्टी ऐकू आली. जाऊन पाहिलं तर अहिरे सरांनी खांब परत पुरलेत, सभामंडपाला अगदी खेटून. ट्रस्टची दोन माणसं पायरीवर बसून बघत होती, अजून कोणी अडवलं नव्हतं. मुली सहाच. बाकीच्यांच्या आया पाठवत नाहीत. आलेल्यांनी सलवारी घातल्या होत्या, घोट्यांशी दोऱ्यांनी घट्ट बांधून.

मनीषा फलकाजवळ उभी. मला पाहून आली.

"काकू, आजी म्हणाली तुम्ही तिथं सांगितलं. ती गोष्ट खोटी आहे म्हणून."
"हो."
"पहिली गोष्ट? पळणाऱ्या मुलीची?"
"हो. ती मी केली होती."
"म्हणजे अशी मुलगी नव्हतीच?"
"नव्हती."

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "मी पळायच्या आधी रोज तिचं नाव घ्यायचे. पाटाईचं नाही, त्या मुलीचं. मीच ठेवलं होतं."

तिनं काय नाव ठेवलं होतं, एवढंही विचारता आलं नाही. मैदान वाचवायला मी खरं बोलले, आणि त्या खऱ्यानं हिच्याजवळचं... चाचणी पुढच्या आठवड्यात.

सरांनी हाक मारली. ती गेली, रेषेवर उभी राहिली, पाठ माझ्याकडे. शिट्टी व्हायच्या आधी तिनं मान खाली घातली, नेहमी घालते तशी. ओठ हलले की नाही, ते इतक्या लांबून दिसलं नाही.